हौदाच्या काठाचा सांधा

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोन करून करून दमले. तू कानातलं मशीन काढून ठेवतेस आणि इकडे घंटी वाजत राहते, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. आधीच सांगते, बाबा ठीक आहेत. घाबरू नकोस, घाबरायचं खातं माझ्याकडे आहे.

आपल्या हौदाचं काहीतरी बिनसलंय. काठाचे दगड आणि अंगणातली फरशी यांच्यामध्ये चारी बाजूंनी ती काळी, रबरासारखी पट्टी आहे ना, तूच बांधताना भरलेली, ती वाळून तडकलीय. काही ठिकाणी तर सालासारखी निघून आलीय आणि फटीत माझं बोट पार आत जातं. काल फरशी धुतली तर पाणी तिथून बघता बघता गडप झालं. कुठे मुरलं देव जाणे. हौदाच्या भिंतीमागे गेलं असेल का? भिंत खचते का अशानं?

तू म्हणशील, टिटवी लागली ओरडायला. पण दुसरं कुठलं काम असतं तर मी पुढच्या वर्षावर ढकललं असतं. बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं त्याला आता वर्ष होत आलं. जमिनीवर तो पाय फरफटतो, पाण्यात मात्र त्यांचं ऐकतो. रोज सकाळी स्टीलचा दांडा धरून ते उतरतात आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहतात. मी काठावर बसून असते, मग शाळेत जाते. डॉक्टरांनी बजावून सांगितलंय की खंड पडू देऊ नका, पाय एकदा आखडला तर पुन्हा सुटणं कठीण. हौद महिनाभर कोरडा ठेवावा लागला तर मी काय करायचं, सांग.

हाताचं तर विचारूच नकोस. चमचा तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडतो. जन्मभर ज्या हातानं लोकांच्या दाढा भरल्या त्याच्याकडे ते आता बघतसुद्धा नाहीत. ते काहीही करोत, मी आपली 'छान जमलं' म्हणते. शर्टाचं बटण लागलं, छान. पेला उचलला, छान. आणखी काय म्हणणार?

फट त्यांनीही पाहिलीय. परवा खुर्ची काठाशी ओढून घेतली आणि वाकून वाकून बघत होते. 'कीड लागलीय' एवढंच म्हणाले.

लवकर लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी टिटवी

---

२ मार्च

टिटवे,

तुझं पत्र शेजारणीच्या टेबलावर आठवडाभर लोळत पडलं होतं. पोस्टमन तिच्याकडे टाकून गेला आणि ती बाई विसरली. तिला जे सुनवायचं ते सुनावून झालंय, आता तुझ्याकडे वळते.

भिंतबिंत खचत नाही. मी बांधलाय तो हौद. पण हयगयही करू नकोस. नीट वाच, नाहीतर अर्धं वाचून धावत सुटशील.

पहिली गोष्ट, ती फट म्हणजे बिघाड नाही. ती मी मुद्दाम ठेवलीय. एकीकडे हौद, दुसरीकडे अंगण. अंगणातली फरशी उन्हात फुगते, गारव्यात आकसते. तिला हलायला जागा लागते, नाहीतर ती हौदाच्या दगडांना ढकलत बसेल. म्हणून त्या सांध्यात मऊ सीलंट भरायचं असतं, दाबलं की दबेल आणि सोडलं की वर येईल असं. त्यात सिमेंट नाही, पुट्टी नाही, दगडासारखं घट्ट होणारं काहीही नाही. हे वाक्य दोनदा वाच.

काम असं. जुनं सगळं सुरीनं कापून काढायचं. दोन्ही कडा घासून स्वच्छ करायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. ओलाव्यावर सीलंट धरत नाही. मग फटीत फोमची दोरी दाबायची, म्हणजे सीलंट तळाला न चिकटता फक्त दोन्ही कडांना धरेल. कडांवर कागदी टेप लावायची, सीलंटच्या गननं भरायचं, बोटानं सारखं करायचं, टेप ओढून काढायची. हौद रिकामा करायची गरज नाही. पाणी थोडं खाली उतरव, शिंतोडे उडायला नकोत, आणि सीलंट वाळेपर्यंत दादाला पलीकडच्या पायऱ्यांवरून धरून उतरव. म्हणजे खंड पडणार नाही. झालं समाधान?

मी आले असते, पण गुडघा पायरी चढू देत नाही. चांगला माणूस लाव. आणि दादाला उन्हात बसू देऊ नकोस. त्याला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड आहे.

आत्या

---

१० मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र पोस्टमननं शाळेच्या वाटेवरच माझ्या हातात दिलं, पण तोवर काम होऊन गेलं होतं.

रागावू नकोस. तुझं उत्तर येईना, फट रोज मोठी दिसायला लागली. मग एका मिस्त्रीनं करून दिलं. सीलंट नाही, दोन नळ्यांतलं मिसळून करायचं ते एपॉक्सी भरलंय. अगदी तळापासून. राखाडी रंगाचं आहे, नखानं टोकरून बघितलं तर नख वाकलं. पण आत्या, काम इतकं सफाईदार की काय सांगू. एक थेंब बाहेर नाही, कुठे खडबडीत नाही. मिस्त्री तिथून हलायलाच तयार नव्हता, सारखा हात फिरवून बघत होता. मीही म्हणाले, छान झालं. माणसानं एवढ्या मेहनतीनं केल्यावर काय म्हणणार?

मग तुझं ते वाक्य वाचलं. दोनदा वाच म्हणालीस, मी दहादा वाचलं.

आता खरं सांग, राहू दिलं तर चालणार नाही का? आता फट नाही, पाणी मुरणं नाही, काहीच नाही. फक्त दांड्याच्या बुडाशी, काठाच्या दगडाखाली, केसासारखी एक रेघ दिसतेय. आधी होती की नव्हती ते आठवत नाही. मी रोज सकाळी बाबा उतरायच्या आधी जाऊन बघते. आज ती थोडी लांब वाटली. मला सगळंच लांब वाटतं म्हणा.

बाबा मजेत आहेत. खरंच मजेत आहेत. काल जेवताना गुणगुणत होते. म्हणून तर विचारते, राहू देऊ का?

टिटवी

---

१९ मार्च

टिटवे,

राहू देऊ नकोस. उद्या नाही, आजच.

कुठून शोधून आणलास हा नमुना? हा मिस्त्री होता की दाताचा डॉक्टर? भोक दिसलं की भरलं, वरून घासूनपुसून चकाचक केलं, आणि बाईसाहेब 'छान झालं' म्हणून मोकळ्या. माझ्याकडे कामाला असता तर संध्याकाळपर्यंत टिकला नसता. एवढं वाईट काम मी खूप दिवसांत ऐकलं नाही. सफाईदार आहे म्हणून जास्तच वाईट, कारण सैल भरलं असतं तर आपोआप निघून तरी आलं असतं. दादाला वाचून दाखव, तो तरी हसेल.

आता थट्टा पुरे. ऊन वाढतंय. फरशी फुगली की तिला सरकायला जागा नाही, ती सगळा जोर काठाच्या दगडावर काढणार. आणि दांडा त्याच दगडात बसवलाय. इतके दिवस फटीतून पाणी मुरत होतं, म्हणजे आतले बोल्ट गंजलेले असणार. ती रेघ मला अजिबात आवडलेली नाही.

दादाला तो दांडा धरू देऊ नकोस. मला उलट टपाली कळव की धरत नाही म्हणून. मला इथे बसून काहीच करता येत नाही आणि शेजारीण म्हणते माझा चेहरा उतरलाय.

आत्या

---

२९ मार्च

प्रिय आत्या,

कसं लिहू कळत नाही.

मिस्त्री नव्हताच. बाबांनी केलं ते.

मी शाळेतून आले तर हे काठाशी बुटक्या स्टुलावर बसलेले, बाजूला काचेचा तुकडा, त्यावर एपॉक्सी कालवलेलं, दवाखान्यात दाढेचं सिमेंट कालवायचे तसं. उजव्या हातात पातं आणि डाव्या हातानं तो उजवा हात धरलेला. किती दिवस चाललं होतं माझ्या माघारी, त्यांनाच ठाऊक. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांचा चेहरा बघितला. आजारपणानंतर असा चेहरा बघितला नव्हता. 'हात चालतोय' म्हणाले, 'बघ, चालतोय.' मी काय करणार होते, आत्या? मी म्हणाले, छान झालंय. आणि तुला मिस्त्री लिहिलं, कारण तुझी जीभ मला माहीत आहे.

तुझं पत्र त्यांनी फोडलं. टपाल ते फोडतात, माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी घरी आले तर पत्र टेबलावर घडी घालून ठेवलेलं, वर चष्मा. मी माझी बाजू मांडायला गेले तर हातानं थांबवलं. तेव्हापासून तोंडाला कुलूप आहे. जेवतात, झोपतात, विचारलं तर हो-नाही म्हणतात. आणि पाण्यात उतरत नाहीत. दांडा धरायचा नाही हे तर बरंच झालं, पण मी पायऱ्यांवरून नेते म्हटलं तरी नाही. सकाळी शर्ट-पँट घालून खिडकीशी बसतात, पाठ हौदाकडे. पाय आखडायला लागलाय. काल खुर्चीतून उठताना मला त्यांना ओढावं लागलं.

तू एवढं लागेल असं का लिहिलंस? तुला ठाऊक नव्हतं, मान्य, पण आता त्यांना लिही. माफी माग. थट्टा होती म्हण. काम इतकंही वाईट नव्हतं म्हण. तुझं ते ऐकतील. नाहीतर मला दिसतंय, हे पुन्हा पाण्यात जायचे नाहीत.

टिटवी

---

५ एप्रिल

दादा,

माफी मागायला बसले होते. बरेच कागद फाडले. टिटवी सांगते, काम एवढं वाईट नव्हतं असं लिही. मला ते लिहिता येईना.

मिस्त्री कोण ते माहीत नव्हतं, म्हणून जीभ सैल सुटली, त्याचं वाईट वाटतं. रडलेसुद्धा, हे पोरीला सांगू नकोस. पण काम चुकलंय ते चुकलंय. तू केलंस म्हणून फरशी उन्हात कमी फुगणार नाही. तूही लहानपणी माझी गणिताची वही खिडकीतून बाहेर फेकली होतीस, हे लिहिलंय त्यापेक्षा कागद कोरा बरा म्हणून. मी काही जेवण सोडलं नव्हतं.

ते भरलेलं काढावं लागेल. ग्राइंडर लावला तर काठाच्या दगडाचे टवके उडतील, माझ्याकडे कामाला असलेल्या पोरांनी असे कितीतरी काठ विद्रूप केलेत. कोरून कोरूनच काढायला हवं. तुला जमत असेल तर तू काढ. जमत नसेल तर तसं सांग, माणूस लावू. मला दोन्ही चालतं. मला चालत नाही ते हे, की तू खिडकीशी बसलायस.

आणि तो दांडा धरायचा नाही. बाकी काही ऐकू नकोस, एवढं ऐक.

तुझी ठमी

---

१७ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून त्यांनी उशीखाली ठेवलं. तू काय लिहिलंस ते मला अजून माहीत नाही, पण माफी मागितली असशील अशी आशा आहे.

पुढचं ऐक. बुधवारी मी आत पेपर तपासत होते. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. एकदम बाहेरून काहीतरी फुटल्यासारखा मोठा आवाज झाला. मी धावत आले तर खिडकीशी खुर्ची रिकामी. अंगणात गेले, हौदात बघितलं, पाणी शांत. आणि मागून बाबा म्हणाले, 'इकडे आहे मी.' स्वयंपाकघराच्या दारात, काठी धरून उभे. आवाज ऐकून ते माझ्या आधी निघाले होते.

दांड्याखालचा दगड उखडून वर आला होता. दांडा पाण्यावर आडवा कललेला. बोल्टांचा नुसता गंज उरला होता, बोटांनी चुरता येत होता. तू म्हणालीस ते शब्दन् शब्द खरं झालं. आणि मी त्या आधी, तुझं ते दांड्याबद्दलचं पत्र येईपर्यंत, रोज त्यांना तोच दांडा धरून उतरवत होते, आत्या. रेघ दिसत असून उतरवत होते. ते रुसून खिडकीशी बसले म्हणून वाचले. मी तिथेच गरम फरशीवर बसले आणि रडले.

बाबांनी काठीच्या टोकानं दगड हलवून बघितला. मग म्हणाले, 'माझी हत्यारांची पेटी काढ.'

आता रोज छत्री लावून काठाशी बसतात. दात कोरायच्या हत्यारांनी ते एपॉक्सी कणाकणानं काढतात. घरभर टिकटिक ऐकू येते. त्यांच्याच हातचं काम त्यांनाच फोडताना बघवत नाही. काल मी पाणी घेऊन गेले आणि म्हणाले, छान निघतंय. तर हत्यार खाली ठेवून म्हणाले, 'तू आत जा.' इतक्या थंडपणे, की मी गेलेच.

मी काय चुकते तेच मला कळत नाही. तुला कळलं तर सांग.

टिटवी

---

२७ मे

ठमे,

हे उजव्या हातानं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर पोरीला विचारू नकोस, मला विचार. ओळी वरखाली गेल्यात त्या जाऊ देत.

सांधा झाला. आधी दगड बसवला, दांड्याला नवे बोल्ट घातले, ते काम माणसाकडून करून घेतलं. खोदणं माझं. दगडाला सात ठिकाणी टवके उडाले, येशील तेव्हा मोज. मग कडा वाळवल्या, दोरी घातली, तू लिहिलेल्या क्रमानं सगळं केलं. टेप ओढताना हात हलला म्हणून एका कोपऱ्यात कड नागमोडी झालीय. सकाळी जाऊन बोट दाबतो. आत जातं, काढलं की सीलंट वर येतं.

तुझं ते मऊ सांध्याचं वाचून स्वतःचीच लाज वाटली. दात जबड्याच्या हाडात थेट बसलेला नसतो. मध्ये मऊ पडदा असतो, तो चावण्याचा जोर झेलतो. पडदा जाऊन दात हाडाला चिकटला की त्या दाताचं काही खरं नाही. हे मी वर्षानुवर्षं पेशंटला आरसा दाखवून समजावलं. तू म्हणालीस हा दाताचा डॉक्टर आहे का. खरा दाताचा डॉक्टर असतो तर हे केलं नसतं. मला फक्त हात चालतोय हे बघायचं होतं, बाकी काही दिसलं नाही.

पोरीला वाटतं मी तुझ्या थट्टेवर रुसलो. तुझी थट्टा मी तू परकर-पोलक्यात होतीस तेव्हापासून ऐकतोय. लागलं ते दुसरंच. वर्ष झालं, ठमे, मला या घरात कुणी चूक म्हटलेलं नाही. पेला सांडला, छान. बटण चुकीच्या काजात गेलं, छान. डॉक्टर म्हणतात छान, शेजारी म्हणतात छान. तुझं पत्र फोडलं आणि वाचलं, 'एवढं वाईट काम मी खूप दिवसांत ऐकलं नाही.' आधी अंगाची लाही झाली. मग वाटलं, अजून कुणीतरी माझं काम काम म्हणून बघतंय. आणि मग कळलं, पोरीनं तेही बघितलं होतं, रेघ बघितली होती, आणि मला दांडा धरू दिला, पण चुकलं म्हणाली नाही. मी इतका गेलेला माणूस झालो का, की माझा जीव धोक्यात घालतील पण मला खरं सांगायचे नाहीत? त्याच विचारात खिडकीशी बसत होतो. दगड उखडला त्या दिवशी ती माझ्या समोर फरशीवर बसून रडली, तेव्हा समजलं की भीती माझ्यापेक्षा तिलाच जास्त आहे. पण सांगायला मला जमेना. आपल्याकडे बोलणं तुझ्या वाट्याला आलं.

शेवटी सीलंट भरायच्या दिवशी सांगितलं. म्हटलं, तू मागे उभी राहा आणि बघ, आणि छान म्हणालीस तर गन हौदात फेकीन. बिचारी उभी राहिली. शेवटच्या टोकाला म्हणाली, 'बाबा, इथे बुडबुडा राहिलाय. हे पुन्हा करावं लागेल.' मी बघितलं, होता बुडबुडा. कापून पुन्हा भरलं. त्या दिवशी जेवताना मी गुणगुणलो, असं ती म्हणते.

कालपासून पाण्यात उतरतो. खंड पडला त्याचं फळ भोगतोय, पाय पहिल्यासारखा ऐकत नाही. ऐकेल की नाही सांगता येत नाही, हेही ती आता तोंडावर सांगते. पण दांडा घट्ट आहे.

हे लिहिताना पेन हातातून सुटून टेबलाखाली गेलं. पोर उठली. म्हटलं, थांब. वाकलो, दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा उचललं. बराच वेळ लागला. ती थांबली होती.

दादा